डब्यात उरलेल्या शुभेच्छा

राजांचा इतिहास दप्तरखान्यात सापडतो. तहनामे, सनदा, जमाखर्च जपून ठेवायला त्यांच्या पदरी कारकून असत. तुमच्या-माझ्या घरांचा इतिहास कुठे सापडतो? इतकी वर्षं इतिहास शिकवल्यावर माझं उत्तर असं आहे, की तो बिस्किटांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात सापडतो. घरातल्या कुणातरी हौशी माणसानं, बहुतेक वेळा बाईनं किंवा लहान मुलानं, जुनी कार्डं, तिकिटं, पाकिटं, सोनेरी कागद त्या डब्यात टाकलेले असतात. टाकताना त्याच्या मनात इतिहास वगैरे काही नसतो. त्याला ते नुसतं आवडलेलं असतं.

आज बोलायचं आहे ते अशाच एका कागदाबद्दल, म्हणजे नाताळच्या शुभेच्छापत्राबद्दल. जुनी शुभेच्छापत्रं पाहणं आणि जमवणं हा माझा छंद. नाताळच्या सुट्टीत नातवंडं घरी आली, की या छंदाला इंटरनेटची जोड मिळते. विलायतेतल्या मोठ्या संग्रहालयांनी आपल्या संग्रहातल्या असंख्य वस्तूंची चित्रं तिथे सर्वांसाठी खुली करून ठेवली आहेत. पूर्वी जे पाहायला विमानाचं तिकीट लागलं असतं, ते आता जेवणं झाल्यावर सतरंजीवर बसून पाहता येतं. मुलांना चित्रं हवी असतात, मला त्या चित्रांमागची घरं हवी असतात. दोघांचं छान जमतं.

या कार्डाची गोष्ट सुरू होते ती टपालापासून. १८४० पूर्वी इंग्लंडमध्ये पत्र पाठवणं ही चैन होती. हशील अंतरावर आणि कागदांच्या संख्येवर ठरे, आणि बहुधा ते पत्र घेणाऱ्यानं भरायचं असे. आपल्याकडे ‘नॉटपेड’ पत्र आलं की घरात जे वातावरण होई, ते तिथे रोजचंच होतं. रोलंड हिल यांनी सुचवलेल्या सुधारणेनुसार १० जानेवारी १८४० पासून देशात कुठेही, अर्ध्या औंसापर्यंतच्या पत्राला एकच पेनी असा दर लागू झाला. त्याच वर्षी मे महिन्यात ‘पेनी ब्लॅक’ हे जगातलं पहिलं चिकटवायचं तिकीट आलं. आता गावाकडच्या आजीला पत्र लिहिणं सामान्य माणसाला परवडू लागलं. आपल्याकडे असाच बदल १८५४ मध्ये झाला. त्या वर्षी १ ऑक्टोबरपासून पाव तोळ्यापर्यंतचं पत्र अर्ध्या आण्यात हिंदुस्थानात कुठेही जाऊ लागलं.

सोय झाली की तिच्या पाठोपाठ अडचणही येते. पत्रं स्वस्त झाली, तशी ती भरमसाट येऊ लागली. नाताळात आलेल्या पत्राला उत्तर न देणं हे असभ्यपणाचं. हेन्री कोल नावाचे एक सरकारी अधिकारी होते. पेनी टपालाच्या योजनेत त्यांनी स्वतः काम केलं होतं. पुढे लंडनचं साउथ केन्सिंग्टन म्युझियम, म्हणजे आजचं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम, उभं करणारे तेच हे कोल. १८४३ च्या डिसेंबरात त्यांना एवढ्या पत्रांना उत्तरं लिहायला सवड नव्हती. त्यांनी जॉन कॅलकॉट हॉर्स्ली या चित्रकार मित्राला एक चित्र काढायला सांगितलं. हॉर्स्ली ते चित्र घेऊन आल्याची नोंद कोल यांच्या रोजनिशीत १७ डिसेंबर १८४३ या तारखेला आहे. नाताळ आठ दिवसांवर आला होता! चार्ल्स डिकन्स यांची ‘अ ख्रिसमस कॅरोल’ ही छोटी कादंबरी दोनच दिवसांनी, १९ डिसेंबरला प्रसिद्ध झाली. इंग्रजी घरांतल्या नाताळाचं आज जे रूप आपल्याला ठाऊक आहे, त्यातल्या दोन गोष्टी अशा एकाच आठवड्यातल्या आहेत.

हे पहिलं कार्ड इंटरनेटवर सहज पाहायला मिळतं. मधोमध तीन पिढ्यांचं कुटुंब मेजाभोवती बसलेलं आहे. दोन्ही बाजूंच्या लहान चौकटींत भुकेल्याला अन्न आणि उघड्याला वस्त्र देणारी माणसं आहेत. वरती ‘यांस’ आणि खालती ‘यांजकडून’ असं लिहायला कोऱ्या जागा आहेत. सुमारे हजार प्रती दगडावर छापल्या आणि हातानं रंगवल्या. कोल यांना लागल्या त्यांनी वापरल्या, उरलेल्या एकेक शिलिंगाला विकायला ठेवल्या. त्या फारशा खपल्या नाहीत. एक शिलिंग म्हणजे किती? ‘ख्रिसमस कॅरोल’मधल्या गरीब कारकुनाला आठवड्याला पंधरा शिलिंग पगार आहे. त्याला एक कार्ड घ्यायला पगाराचा पंधरावा हिस्सा मोजावा लागला असता. शिवाय चित्रातलं कुटुंब हातात मद्याचे पेले घेऊन बसलेलं, आणि एका लहान मुलीच्या ओठालाही पेला लावलेला. दारूबंदीचा प्रचार करणाऱ्यांना ते अजिबात रुचलं नाही. म्हणजे शुभेच्छापत्राचा जन्म झाला तोच टीकेसह.

या कार्डांचा खरा हंगाम सुरू झाला १८७० नंतर. त्या वर्षी ब्रिटनमध्ये अर्ध्या पेनीचं पोस्टकार्ड आलं, आणि उघड्या पाकिटातलं छापील कार्डही अर्ध्या पेनीत जाऊ लागलं. तोवर रंगीत शिळाछपाई स्वस्त झाली होती. बेलफास्टची मार्कस वॉर्ड, लंडनची राफाएल टक अशा कंपन्या या धंद्यात उतरल्या. अमेरिकेत बोस्टनला लुई प्रँग या जर्मन निर्वासितानं १८७५ पासून ही कार्डं तिथल्या बाजारात आणली. इतकी पत्रं पडू लागली, की १८८० मध्ये ब्रिटिश टपालखात्याला ‘नाताळाची पत्रं लवकर टाका’ असं लोकांना सांगावं लागलं. त्या काळच्या टपालवाल्यांचा पोशाख लाल असे, म्हणून लोक त्यांना ‘रॉबिन’ म्हणत. रॉबिन हा तांबड्या छातीचा छोटा पक्षी. नाताळच्या कार्डांवर हा पक्षी चोचीत पत्र धरून बसलेला दिसतो, तो या टपालवाल्यांमुळेच, असं सांगतात.

आता छंदाकडे येतो. मध्यमवर्गीय इंग्रज घरांत नाताळ संपला की आलेली कार्डं फेकून देत नसत. मुली आणि बायका ती मोठ्या वहीत चिकटवत. कडेनं रंगीत कात्रणं, जाळीदार कागद, वाळलेली फुलं. हिवाळ्यात चार वाजता अंधार पडे, मग संध्याकाळभर कात्री आणि खळ घेऊन सगळं घर दिव्याभोवती बसे. त्या वह्यांमुळेच आज आपल्याला ही कार्डं पाहायला मिळतात. मँचेस्टर मेट्रोपॉलिटन विद्यापीठात लॉरा सेडन या बाईंनी जमवलेला ३२ हजार जुन्या शुभेच्छापत्रांचा संग्रह आहे. पंचम जॉर्ज यांची राणी मेरी हिलाही हा छंद होता. तिनं जपलेल्या कार्डांचे आल्बम लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत.

आणि या वह्यांतून काय काय बाहेर येतं! माझ्या नातीला एकदा संगणकावर एक कार्ड सापडलं. त्यावर मेलेला रॉबिन पक्षी उताणा पडलेला, आणि खाली आनंदी नाताळाच्या शुभेच्छा! दुसऱ्या एकावर एक बेडूक दुसऱ्या बेडकाला भोसकून, त्याचे पैसे घेऊन पळतो आहे. नात म्हणाली, ‘‘आबा, ही माणसं वेडी होती का?’’ दर डिसेंबरात ही चित्रं जगभर फिरतात आणि लोक हसतात. अभ्यासकांनी मेलेल्या पक्ष्याचे अर्थ लावले आहेत. कुणी म्हणतं, थंडीत गारठून मरणाऱ्या गरीब मुलांची ती आठवण आहे. कुणी म्हणतं, तो त्या काळचा विनोद. मी नातीला एवढंच म्हटलं, की नाताळ म्हणजे बर्फ, घंटा आणि लाल टोपीचा म्हातारा, हे अजून पक्कं ठरायचं होतं. सण जेव्हा घडत असतो, तेव्हा लोक त्यात काहीही करून बघतात. आपल्या घरगुती गणपतीची पन्नास वर्षांपूर्वीची आरास आज पाहिली, तर नातवंडं असंच विचारतील.

या गोष्टीचा आपल्याशी काय संबंध, असं कुणी विचारेल. संबंध आहे, आणि तो छपाईचा आहे. ज्या रंगीत शिळाछपाईनं विलायतेत नाताळची कार्डं घरोघर नेली, तिनंच आपल्याकडे देवादिकांची चित्रं घरोघर आणली. पुण्यात १८७८ मध्ये चित्रशाळा निघाली. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, तो जर्मन यंत्रं आणि जर्मन कारागीर आणून. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. त्या छापखान्याची लक्ष्मी, सरस्वती आपल्या आज्या-पणज्यांनी नुसती भिंतीवर टांगली नाही. तिच्या साडीला खरी जर लावली, दागिन्यांच्या जागी टिकल्या आणि मणी चिकटवले. विलायतेतल्या मुली वह्या सजवत होत्या, त्याच सुमाराला आपल्या बायका रविवर्म्याची लक्ष्मी सजवत होत्या. दोघींच्याही हातात कात्री आणि खळ होती, आणि दोघींचीही नावं कुठे लिहिलेली नाहीत.

शुभेच्छापत्रंही आपण आपल्या पद्धतीनं आपलीशी केली. संक्रांतीची कार्डं आठवतात ना? चार बोटांएवढं कार्ड, त्यावर तिळगुळाची वाटी आणि गोड बोलण्याची विनंती, आणि पाकिटात हलव्याचे चार दाणे घातलेली इवलीशी पुडी. टपालखात्याचा शिक्का बसून त्या हलव्याचा भुगा झालेला असे, तरी तो वाटून खाल्ला जाई. इंग्रजांच्या कार्डात असं खायचं काही नव्हतं!

खरं तर खाऊ हीच आपली जुनी शुभेच्छा. ‘नाताळ’ हा आपला शब्दही पोर्तुगीज ‘नाताल’वरून आला. गोव्यात नाताळात नेवऱ्या, दोदोल, बेबिंका यांची ताटं शेजारीपाजारी जातात, मग ते शेजारी हिंदू का असेनात. आणि दिवाळीत फराळाचं ताट उलट दिशेनं जातं. हा व्यवहार कार्डापेक्षा किती गोड! पण इतिहासाच्या दृष्टीनं त्यात एक खोट आहे. ताट रिकामं होऊन परत येतं. कागद तेवढा मागे राहतो.

कधी कागदापेक्षा डबाच मागे राहतो. १९१४ चा नाताळ. पहिलं महायुद्ध सुरू होऊन पाच महिने झाले होते. सतरा वर्षांच्या राजकन्या मेरीच्या नावानं लोकवर्गणी काढून ब्रिटिश सैनिकांना आणि खलाशांना नाताळची भेट म्हणून पितळेची डबी पाठवली गेली. आत तंबाखू, सिगारेटी, राजकन्येचं छायाचित्र आणि शुभेच्छापत्र. विडी-तंबाखू न ओढणाऱ्यांसाठी पेन्सिल आणि लिहिण्याचे कागद. त्या वेळी फ्रान्सच्या खंदकांत हिंदुस्थानी पलटणीही होत्या. भेट ठरवणाऱ्यांनी त्यांचा वेगळा विचार केलेला दिसतो. शीख सैनिकांसाठी तंबाखूऐवजी खडीसाखर आणि मसाल्याची डबी ठेवली होती. मायदेशापासून हजारो मैलांवर, चिखलात, परक्या सणाला मिळालेला मसाल्याचा वास त्या शिपायाला कसा वाटला असेल, हे आपण कल्पनेनंच जाणायचं. तंबाखू संपली, कार्डं हरवली, पण डब्या राहिल्या. सैनिक परतले, काहींच्या नुसत्या डब्याच परतल्या, आणि पुढे त्यात बटणं, पदकं, फोटो ठेवले गेले. आजही इंग्लंडमध्ये आजोबांच्या डबीपासून घराचा इतिहास शोधायला लागणारी माणसं आहेत.

दुसऱ्या महायुद्धानंतरची एक गोष्ट मला अशीच आवडते. युद्धात होरपळलेल्या युरोपातल्या मुलांना युनिसेफची मदत मिळाली. चेकोस्लोव्हाकियातल्या एका खेड्यातल्या सात वर्षांच्या मुलीनं आभार मानायला चित्र काढलं. कागद नव्हता, म्हणून काचेवर काढलं. ऊन आहे, मुलं फेर धरून नाचताहेत. १९४९ मध्ये तेच चित्र युनिसेफचं पहिलं शुभेच्छापत्र झालं. ते चित्र कुणीतरी जपलं, म्हणून जगानं पाहिलं.

यानंतरच्या काळात शुभेच्छा हलक्या होत गेल्या. आपल्याकडे तारेनं शुभेच्छा पाठवायची सोय होती. सणासुदीचे ठरावीक मजकूर छापलेले असत, आपण नुसता आकडा सांगायचा. ती तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. त्याच्या बरंच आधी, ३ डिसेंबर १९९२ रोजी, नील पॅपवर्थ या ब्रिटिश अभियंत्यानं संगणकावरून एका मोबाइल फोनवर जगातला पहिला एसएमएस पाठवला होता. त्यात काय लिहिलं होतं? ‘मेरी ख्रिसमस’. आपल्याकडेही एसएमएस आले, आणि मग कंपन्यांनी सणाच्या दिवशी सवलत बंद ठेवायला सुरुवात केली. तुम्हाला आठवत असेल, लोक पैसे वाचवायला आदल्या दिवशीच शुभेच्छा पाठवून मोकळे होत. नंतर व्हॉट्सअ‍ॅप आलं आणि शुभेच्छा फुकट झाल्या. सकाळी उठावं तर फोनमध्ये दीडशे घंटा आणि दीडशे लाल टोप्या.

मी काही नव्या साधनांवर रागावलेला माणूस नाही. त्यांच्यामुळेच मला मँचेस्टरचा संग्रह घरी पाहता येतो. पण एक घरची गोष्ट सांगतो. माझे थोरले बंधू भिलाईला पोलाद कारखान्यात होते. त्या वसाहतीत सगळ्या प्रांतांचे, सगळ्या धर्मांचे लोक, शिवाय रशियन तंत्रज्ञ. डिसेंबर आला की सगळे सगळ्यांना कार्डं देत. दादा आम्हालाही पाठवत. एका वर्षीच्या कार्डावर तर रशियन अक्षरं होती आणि बर्फातून घोडागाडी चालली होती. मागे दादांच्या बारीक अक्षरात: ‘चि. बाळ यास अनेक आशीर्वाद. इकडे थंडी फार. आईचा गुडघा कसा आहे ते कळव.’ अशी चौदा कार्डं आईनं डब्यात ठेवली. ती आजही आहेत.

पुढे दादा फोनवर बोलून संदेश पाठवू लागले. दर नाताळात, आवाजात, मिनिट-दीड मिनिट. कार्डाहून ते किती जिवंत! २०१९ मध्ये दादा गेले. त्यानंतरच्या पावसाळ्यात माझा फोन भिजला आणि पुन्हा सुरू झालाच नाही. दादांचा फोन आधीच कुणीतरी पुसून दुसऱ्याला दिला होता. वहिनींनी विचारलं, ‘‘भावजी, ह्यांचा आवाज तुमच्याकडे असेल ना?’’ माझ्याकडे १९७४ सालचा आईचा गुडघा होता. दादांचा २०१८ सालचा आवाज नव्हता.

इतिहासाचा माणूस म्हणून मला तेव्हा जाणवलं, की आपण एका चमत्कारिक काळात राहतो आहोत. इतकं लिहिणारी, बोलणारी, फोटो काढणारी पिढी पूर्वी झाली नाही, आणि तिच्या घरातलं इतकं कमी उरण्याचा धोकाही पूर्वी कधी नव्हता. पूर्वी वस्तू आपोआप उरायची, टाकायला कष्ट पडत. आता ती आपोआप जाते, ठेवायला कष्ट पडतात. तो पहिला एसएमएस २०२१ च्या डिसेंबरात पॅरिसमध्ये लिलावात एक लाख सात हजार युरोंना गेला खरा. पण विकला गेला तो त्याचा नव्यानं तयार केलेला डिजिटल नमुना.

त्याच्या वीस वर्षं आधी, २००१ मध्ये, इंग्लंडमध्ये हेन्री कोल यांचं एक मूळ कार्ड लिलावाला आलं होतं. त्याला वीस हजार पौंड किंमत आली. हजार प्रती छापल्या होत्या, त्यांतली ही एक. मग हीच एवढी महाग का? कारण ती स्वतः कोल यांनी आपल्या आजीला पाठवलेली होती. शिलिंगाचं कार्ड मोलाचं झालं ते हातानं भरलेल्या त्या दोन कोऱ्या जागांमुळे.

म्हणून या नाताळच्या सुट्टीत मुलांना एक उद्योग द्या. घरातला जुना डबा काढा. आजी-आजोबांना समोर बसवा आणि प्रत्येक कार्डाच्या, फोटोच्या मागे पेन्सिलीनं लिहून घ्या: कोण, कुठे, कोणत्या साली. हे सांगू शकणारी माणसं घरात आहेत तोवरच हे होण्यासारखं आहे. फोनमधले आवाज उतरवून दोन वेगवेगळ्या घरांत ठेवा. आणि शुभेच्छा पाठवताना आलेलं चित्र तसंच पुढे ढकलू नका. वर नाव लिहा, खाली आपलं लिहा, आणि मध्ये आईच्या गुडघ्याची चौकशी करा. पन्नास वर्षांनी कुणी तो डबा उघडलाच, तर त्याला वाचायला काहीतरी मिळेल.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)